स्फोट किती किलोटनांचा? हवेच्या लाटेवर विसंबायचं की जमिनीच्या

दूरवर कुठेतरी मोठा स्फोट झालाय, हातात फक्त नोंदी आहेत आणि त्यांवरून किलोटनांचा आकडा काढायचाय (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटीइतकी ऊर्जा). वाटा तीन: हवेतून आलेल्या लाटेचा दोलनकाल (एका हेलकाव्याला लागणारा वेळ), त्याच लाटेचा आयाम (हेलकाव्याची उंची), नाहीतर भूकंपमापकावरची नोंद. निवड करण्याआधी एकच गोष्ट पक्की करा. स्फोट हवेत झाला, जमिनीवर की जमिनीखाली?

हवेत किंवा जमिनीवर असेल तर मी दोलनकालाच्या बाजूने आहे. मोठ्या स्फोटाच्या लाटेचे हेलकावे संथ असतात, सेकंदाला २० पेक्षाही कमी (२० हर्ट्झच्या खाली), कानाला न ऐकू येणारे. अशा लाटेलाच इन्फ्रासाउंड म्हणतात. इतक्या संथ लाटेची ऊर्जा वाटेत फारशी झिजत नाही. १९६१ मध्ये आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर सोव्हिएत संघाने सुमारे ५० मेगाटनांचा (५०,००० किलोटनांचा) बॉम्ब फोडला, तेव्हा दाबाची लाट पृथ्वीला तीनदा फेरी मारून गेली. स्फोट जितका मोठा, तितका दोलनकाल लांब. वातावरणातल्या जुन्या अणुचाचण्यांवरून अमेरिकेत बसवलेलं सूत्र असं: लॉग(W/२) = ३.३४ लॉग(T) − २.५८. W म्हणजे स्फोटशक्ती, किलोटनांत; T म्हणजे दोलनकाल, सेकंदांत; लॉग १० च्या पायाचा. अणुस्फोटाची साधारण निम्मीच ऊर्जा हवेच्या धक्क्यात उतरते, म्हणून W चा अर्धा भाग. आलेखावरच्या सर्वांत उंच हेलकाव्यापाशी दोलनकाल मोजायचा. तो ५ सेकंद आला तर स्फोट सुमारे १.१ किलोटन, १० सेकंद आला तर साडेअकराच्या आसपास. पण घात ३.३४ आहे, हे विसरू नका. दोलनकाल मोजताना १० टक्के जास्त धरला, तर उत्तर ३७ टक्क्यांनी फुगतं.

मग आयाम का नको? वाऱ्यामुळे. लाट ५० किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून वळून खाली येते आणि तिथले वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. अमेरिकेच्या लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेत रासायनिक स्फोटांच्या चाचण्यांवरून बसवलेल्या सूत्रात वाऱ्याची दुरुस्ती आहे. ती करायची राहिली आणि वर सेकंदाला ३० मीटरचा वारा लाटेच्याच दिशेने वाहत असला, तर आयाम सुमारे साडेतीनपट दिसतो आणि स्फोटशक्ती जवळजवळ सहापट. उलट वाऱ्यात आकडा तसाच खाली कोसळतो. स्फोटाचं ठिकाण माहीत आहे, त्या दिवशीची वरच्या वाऱ्यांची माहिती हाताशी आहे, तरच आयामाला हात घाला. एकाच केंद्रावर तर मुळीच थांबू नका. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर २०१३ मध्ये फुटलेली उल्का २० इन्फ्रासाउंड केंद्रांनी टिपली. त्यांतून निघालेला ४६० किलोटनांचा आकडा अमेरिकी सरकारी संवेदकांवरून आलेल्या ४४० च्या अगदी जवळ होता.

आता जमीन. भूमिगत स्फोटासाठी तीच मुख्य वाट, पण खडकाची अट मोठी आहे. कठीण, थंड खडकासाठी वापरलं जाणारं सूत्र mb = ४.४५ + ०.७५ लॉग(W); mb म्हणजे भूकंपमापकावरच्या नोंदीतून काढलेलं मॅग्निट्यूड, हादऱ्याची तीव्रता. अमेरिकेच्या नेवाडातल्या चाचणीस्थळी मात्र खालचा भाग गरम असल्यामुळे लाटा जास्त विरतात आणि ४.४५ च्या जागी ४.०५ च्या आसपास धरावं लागतं. हा ०.४ चा फरक किलोटनांत साडेतीनपटीच्या घरात जातो. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या १९७४ च्या करारात भूमिगत अणुचाचण्यांना १५० किलोटनांची मर्यादा ठरली होती. सोव्हिएत संघ ती ओलांडतोय, या अमेरिकी आरोपाच्या मुळाशी नेवाडाचं सूत्र सेमिपलातिन्स्क या कठीण खडकाच्या सोव्हिएत चाचणीस्थळाला लावणं हे मोठं कारण होतं. अखेर १९८८ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या चाचण्या जागेवर जाऊन मोजल्या. पोखरणच्या १९९८ च्या वादाकडेही याच नजरेने पाहावं: तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा एकूण आकडा ६० किलोटनांच्या आसपास, तर अनेक परदेशी भूकंपतज्ज्ञांचा १० ते २०.

जमिनीवरच्या स्फोटाला भूकंपाचं सूत्र लावलं तर काय होतं, ते बैरूतने दाखवलं. ऑगस्ट २०२० मध्ये बंदरात साठवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं. भूकंपमापकावर मॅग्निट्यूड ३.३. वरच्या कठीण खडकाच्या सूत्रात घातलं तर जेमतेम ३० टन येतात! सूत्र इतक्या लहान आकड्यासाठी नाही हे खरं, पण मूळ कारण वेगळं आहे: बहुतेक ऊर्जा हवेत गेली, जमिनीत शिरली थोडीच. भूकंपाच्या, समुद्री ध्वनीच्या आणि इन्फ्रासाउंडच्या नोंदी एकत्र तपासणाऱ्या जर्मन संशोधकांनी ०.८ ते १.१ किलोटन असा अंदाज दिला.

उत्तर कोरियाची २०१७ ची भूमिगत अणुचाचणी याच्या उलट टोकाला. mb ६.१ कठीण खडकाच्या सूत्रात घातला की १६० किलोटनांच्या आसपास येतात. तिचं इन्फ्रासाउंडही रशियातल्या केंद्राने पकडलं, पण ते डोंगराच्या हादऱ्याने हवा ढकलली गेल्यामुळे उठलेलं. त्याला दोलनकालाचं सूत्र लावू नका. स्फोट किती खोल झाला याचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडतं, आणि भूकंपाच्या नोंदीवरून किलोटन काढताना ही खोली लागतेच.