लंगोट की डायपर : दवाखान्याच्या पिशवीत काय ठेवावे?

नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना बाळंतपण होणार असेल, तर पिशवीत सुती लंगोट भरावेत की डायपर, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जुन्या, धुवून मऊ झालेल्या धोतराच्या लंगोटात हवा खेळती राहते आणि, मुख्य म्हणजे, बाळाने शू केल्याचे लगेच कळते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होणे ही दूध पुरत असल्याची खूण मानली जाते, आणि डायपरमध्ये तो हिशेब ठेवणे अवघड जाते. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, डांबरासारखी चिकट शी कापडावरून सहज निघत नाही, शिवाय वॉर्डात दोरी बांधायची सोय क्वचितच असते. तिथे डायपरच बरा. तो दर दोन-तीन तासांनी, आणि शी होताच, बदलावा. नाळ गळेपर्यंत त्याची वरची कड बेंबीखाली दुमडावी. घरी परतल्यावर मात्र गच्चीवरच्या उन्हात लंगोट बघता बघता कडकडीत वाळतात, त्यामुळे दिवसा तेच वापरावेत. रात्री डायपर लावून आईला थोडी झोप मिळत असेल, तर घरच्या मोठ्यांनी त्यावरून बोलू नये.