वापरानंतरचा अनुभव: प्लॅनिंग सॉफ्टवेअरला बँकेचा दुसरा-चौथा शनिवार कळत नाही

रिन्यूअलचा मेल आलाय, दर वाढलाय, म्हणून आता सविस्तर लिहितो. प्रोजेक्ट प्लॅनिंगचं हे ऑनलाइन सॉफ्टवेअर आमच्या अंधेरीच्या ऑफिसात २०२५च्या पावसाळ्याआधीपासून वापरात आहे. नाव घेत नाही, कारण कंपनीशी माझा वाद अजून मिटलेला नाही. गँट चार्ट (कामांच्या तारखांच्या आडव्या पट्ट्या), डिपेंडन्सी (कोणतं काम कोणत्या कामानंतर), बेसलाइन (मूळ ठरलेल्या तारखांची नोंद), मोबाइल ॲप आणि दर माणशी महिन्याचं भाडं असलेली जी चार-पाच सॉफ्टवेअर सगळीकडे दिसतात, त्यातलंच हे एक. फीचर्स तुम्हाला माहीत असतीलच, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते शनिवारबद्दल.

आधी काम काय होतं ते सांगतो. मुंबईतल्या एका नागरी सहकारी बँकेला जुन्या कोअर बँकिंग सिस्टिममधून (सगळ्या शाखांची खाती सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) नव्या सिस्टिममध्ये न्यायचं. शाखा गिरगाव-लालबागपासून ठाण्यापर्यंत. डेटा साफ करा, मायग्रेशनच्या, म्हणजे डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवण्याच्या, रंगीत तालमी घ्या, शाखेतल्या लोकांकडून युएटी (प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी घ्यायची चाचणी) करून घ्या, साइन-ऑफ (बँकेची अंतिम मान्यता) मिळवा आणि एका शनिवार-रविवारी कटओव्हर करा, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करा. सोमवारी सकाळी खातेदार दारात उभा राहील तेव्हा काउंटर चालू पाहिजे. यात दुसरी संधी नसते.

आता शनिवार. १ सप्टेंबर २०१५पासून आपल्याकडे बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार पूर्ण कामाचा. ज्याचं बँकेत खातं आहे त्या प्रत्येकाला हे पाठ आहे. या सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये मात्र शनिवारसमोर एकच खूण आहे, चालू किंवा बंद. चालू ठेवला तर महिन्याला दोन दिवस फुकटचे मोजले जातात, म्हणजे सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये बारा. बंद ठेवला तर बँकेचे लोक ज्या शनिवारी खरंच कामाला असतात ते वाया जातात.

हे पहिल्यांदा पकडलं ते बँकेच्या आयटी विभागाच्या मॅडमनी. पहिला तक्ता पाठवला आणि दहा मिनिटांत फोन. "अहो, नऊ ऑगस्ट दुसरा शनिवार आहे. त्या दिवशी आमच्या शाखेत युएटीला कोण बसवलंत?" त्यांचं बरोबर होतं. मग वर्षाचे चोवीस शनिवार एकेक करून सुट्ट्यांच्या यादीत हाताने भरले. प्रत्येक तारखेला वेगळी नोंद, वेगळं नाव, वेगळं 'सेव्ह'.

इथवर मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण बँकेच्या प्रोजेक्टमध्ये दुसरा शनिवार ही निव्वळ सुट्टी नसते. शाखेच्या लोकांची सुट्टी असते तोच आमच्या टेक्निकल टीमचा सगळ्यात महत्त्वाचा कामाचा दिवस असतो. शुक्रवारी संध्याकाळी डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करणं) झालं की सोमवार सकाळपर्यंत सलग दोन दिवस सिस्टिम आपल्या हातात येते, ती फक्त त्या आठवड्यात. म्हणजे एकच तारीख शाखेच्या अधिकाऱ्यासाठी बंद आणि डेटा टीमसाठी चालू हवी. त्यासाठी प्रत्येक रिसोर्सला, म्हणजे काम करणाऱ्या माणसाला, स्वतःचं कॅलेंडर लागतं. इथे अख्ख्या प्रोजेक्टला एकच कॅलेंडर. माणसाची रजा टाकता येते, पण प्रोजेक्टच्या सुट्टीच्या दिवशी कोणाला कामावर दाखवता येत नाही. शेवटी कटओव्हरसाठी वेगळा प्रोजेक्ट उघडला आणि दोन्हींमधल्या तारखा हाताने जुळवत बसलो. भाडं भरून हे करायचं असेल तर एक्सेल काय वाईट होतं?

या त्रुटीमुळे तारखा कशा खोट्या दिसतात तेही सांगतो. आमचा कटओव्हर ठरला १३-१४ सप्टेंबरला, म्हणजे दुसरा शनिवार आणि रविवार. साइन-ऑफ शुक्रवारी १२ तारखेला. समजा साइन-ऑफ एक दिवस लांबलं. सॉफ्टवेअर शांतपणे गो-लाइव्ह (नवी सिस्टिम खातेदारांसाठी चालू होण्याचा दिवस) सोमवारवरून मंगळवारी सरकवतं. पण मंगळवारी गो-लाइव्ह कसं होणार? पुढचा मोकळा शनिवार २७ सप्टेंबर, आणि तीन दिवसांवर अर्धवार्षिक हिशेबाची ३० तारीख. त्या तोंडावर सिस्टिम बदलायला कोणतीही बँक परवानगी देणार नाही. त्यानंतरचा दुसरा शनिवार थेट ११ ऑक्टोबर, तोही दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या तोंडावर. एका दिवसाची घसरण म्हणजे अठ्ठावीस दिवसांची घसरण. संचालक मंडळासमोर ठेवायचा आकडा हा होता आणि पडद्यावर दिसत होतं 'एक दिवस उशीर'.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर यायचं. पहिलं उत्तर: सुट्ट्या एकेक करून भरा. मी लिहिलं, भरल्या आहेत, मला दर महिन्याचा नियम लावायचाय. दुसरं उत्तर: सूचना प्रॉडक्ट टीमकडे पाठवली आहे. तिसऱ्या उत्तराऐवजी तिकिटाची स्थिती 'सोडवले' अशी झाली. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. ही काही अवघड गोष्ट नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या डेस्कटॉप आवृत्तीत कॅलेंडरच्या अपवादाला 'दर महिन्याचा दुसरा शनिवार' असं रिकरन्स सरळ लावता येतं, आणि प्रत्येक रिसोर्सला वेगळं कॅलेंडरही देता येतं. सगळ्या भारतातल्या बँका ज्या नियमाने चालतात तो भारतात सॉफ्टवेअर विकणाऱ्याने ऐकून तरी घ्यावा.

जुलैपर्यंत माझं मत हे सॉफ्टवेअर बंद करा असंच होतं. ते बदललं क्रिटिकल पाथमुळे, म्हणजे कामांच्या ज्या साखळीत एक दिवस उशीर झाला की शेवटची तारीखही सरकते त्या साखळीमुळे.

आमच्याकडे सगळे धरून चालले होते की सगळ्यात लांब साखळी डेटा मायग्रेशनची असणार. सगळी टास्क आणि डिपेंडन्सी नीट भरून क्रिटिकल पाथ चालू केला तर लाल रेघ गेली पासबुकावरून. मायग्रेशनला चांगला आठवडाभराचा स्लॅक (उशीर खपेल इतकी मोकळीक) होता, पासबुकाला शून्य. कारण छपाईच्या नव्या नमुन्याला संचालक मंडळाची मंजुरी लागणार होती, मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, मंजुरीशिवाय प्रिंटरचा प्रोग्राम पक्का होत नाही आणि त्याशिवाय शाखेत चाचणी नाही.

पासबुक ही किरकोळ बाब वाटते, पण सहकारी बँकेत तसं नसतं. जुनं अर्धं भरलेलं पासबुक घेऊन आजोबा येतात. नव्या सिस्टिमला शेवटची छापलेली ओळ माहीत असावी लागते, नाहीतर नवी नोंद जुन्या नोंदीवर चढते. पानाच्या मधल्या घडीपाशी दोन ओळी मोकळ्या सोडाव्या लागतात, नाहीतर आकडे शिलाईत जातात. गिरगावच्या शाखेत चाचणीच्या वेळी शिल्लक रकमेचे शेवटचे दोन अंक असेच घडीत गेले होते. प्रिंटर जुना, त्याची पट्टी किंचित सैल, म्हणून ओळींमधलं अंतर त्या शाखेपुरतं वेगळं ठेवावं लागलं. हे गो-लाइव्हच्या सोमवारी कळलं असतं तर रांग रस्त्यावर गेली असती. लाल रेघेमुळे नमुना ऑगस्टच्या बैठकीत गेला, सप्टेंबरच्या नाही. याचं श्रेय मी सॉफ्टवेअरला पूर्ण देतो.

क्रिटिकल पाथची पद्धत १९५७मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जन्मली, आणि तिच्या सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक होता रासायनिक कारखाना देखभालीसाठी बंद ठेवण्याचा काळ कमी करणं. बंद कारखाना ठरल्या वेळी चालू झालाच पाहिजे. बँकेचा कटओव्हर त्याच जातीचं काम आहे, म्हणून तिथे ही पद्धत इतकी चपखल बसते. ऑफिसातली तरुण मंडळी मला सांगत होती की आता स्क्रममध्ये, म्हणजे थोड्या थोड्या दिवसांच्या टप्प्यांत (स्प्रिंट) काम करताना, गँट चार्ट कोण काढतं. आमचे रिपोर्ट आणि स्क्रीन दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्येच तयार झाले आणि ते उत्तम झालं. पण कटओव्हरची तारीख बँकेच्या कॅलेंडरवर ठरते, तिला स्प्रिंटचा उपयोग नाही.

एस्टिमेटच्या बाबतीत सॉफ्टवेअर कच्चं आहे. कालावधीचा एकच रकाना. मी वेगळ्या शीटमध्ये पर्टचं सूत्र लावतो: सगळं सुरळीत झालं तर लागणारे दिवस, अधिक सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या दिवसांची चौपट, अधिक सगळं बिघडलं तर लागणारे दिवस, भागिले सहा. केवायसी नोंदींच्या साफसफाईला ४, ६ आणि १४ दिवस धरले, उत्तर ७ आलं. बँकेचे लोक ६वर अडून होते. ७ लागले.

बेसलाइन मात्र चांगली आहे. मूळ तारीख करड्या पट्टीत खाली दिसत राहते, त्यामुळे 'असं ठरलंच नव्हतं' हे वाक्य बैठकीतून गेलं. ऑगस्टमध्ये मागे पडलो तेव्हा बँकेच्या साहेबांनी आणखी माणसं देऊ केली. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस बसतो. आम्ही माणसं न घेता दोन रिपोर्ट गो-लाइव्हनंतरवर ढकलले आणि बेसलाइनवर तसं नोंदवलं.

मग गणपतीत खरी परीक्षा झाली. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली, पहिला शनिवार. कॅलेंडरच्या लेखी कामाचा दिवस, पण लालबाग-गिरगावच्या शाखांतून त्या दिवशी युएटीला माणसं मिळतील ही आशा कोणी धरू नये. त्यात मिरवणुका एकमेकींच्या जवळ येऊ नयेत म्हणून मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ईदची सार्वजनिक सुट्टी ऐनवेळी ५ तारखेवरून ८ तारखेला गेली. शुक्रवार मोकळा झाला, सोमवार गेला. युएटीची शेवटची फेरी सोमवारपासूनच होती. सुट्टीची तारीख बदलल्याबरोबर साइन-ऑफ पुढच्या सोमवारवर गेलं आणि साखळी लाल झाली. फेरीची सुरुवात शुक्रवारवर ओढली, लाल उतरलं, मॅडमना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी संध्याकाळपर्यंत शाखांना कळवलं. एक्सेलमध्ये हे करायला मला रात्र लागली असती. कटओव्हर १३-१४लाच झाला. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतोच असं गृहीत धरून कल्याण-डोंबिवलीची मंडळी शनिवारी रात्री ऑफिसातच थांबवायचं टास्कही प्लॅनमध्ये होतं.

आता पैशाचं. भाडं डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, आणि किमान पाच जणांचं. खरे वापरणारे आम्ही तिघं. बँकेच्या मॅडमना फक्त बघायचं होतं, काही बदलायचं नव्हतं, तरी त्यांचंही एका माणसाचं पूर्ण भाडं लावलं. आता वर दरवाढ. ज्या पद्धतींनी काम निभावलं त्या, क्रिटिकल पाथ, पर्ट, बेसलाइन, कोणाच्या मालकीच्या नाहीत. गँटप्रोजेक्ट मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि त्यात डिपेंडन्सी, क्रिटिकल पाथ, बेसलाइन तिन्ही आहेत. सुट्टीच्या तारखा तिथेही हाताने भरतोय. पण हाताने चोवीस शनिवार भरायचेच असतील तर मी ते फुकट भरीन. मोबाइलवरून टास्क अपडेट करणं आणि टास्कखालचा संवाद या दोन गोष्टींची उणीव जाणवते, हेही सांगतो.

पाचपैकी अडीच. बँक, पतसंस्था किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असणाऱ्या कोणत्याही ग्राहकाचं काम असेल तर ट्रायलच्या पहिल्या दिवशी कॅलेंडर उघडून हे दोन शनिवार नियमाने लागतात का ते बघा, बाकीचं नंतर. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांना हे सॉफ्टवेअर आवडेल.

सोडणाऱ्यांसाठी: मुदत संपायच्या आत एक्सपोर्ट घ्या. सीएसव्हीत टास्क आणि तारखा येतात, बेसलाइन येत नाही, तिची पीडीएफ वेगळी काढावी लागते. आधीच्या टास्कचा रकाना मुळातच बंद असतो, तो चालू करूनच फाइल उतरवा, नाहीतर सगळ्या डिपेंडन्सी पुन्हा जोडत बसावं लागेल.