डी, बी१२, लोह, नाचणी आणि शतपावली: नऊ महिने वापरल्यानंतर

आधी माझी माहिती, म्हणजे तुलना करता येईल. वय ४७, वजन तेव्हा ६८ किलो, पूर्ण शाकाहारी (अंडंही नाही), दिवसाचे आठ तास हिशेबाच्या खुर्चीत. मागच्या जूनमध्ये ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट आला: व्हिटॅमिन डी ११, बी१२ १४२, हिमोग्लोबिन १०.४ आणि एचबीएवनसी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ६.०. पहिले तिन्ही आकडे कमी. शेवटचा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला की डायबेटिसचा उंबरठा म्हणतात. पाय रात्री मुंग्या येऊन झोप मोडायचे, ते मी चपलेवर ढकलत होते.

डॉक्टरांकडे जायच्या आधी मी जे केलं ते सांगते, कारण बरेच जण तेच करतात. मोबाइलवर सारखी जाहिरात यायची म्हणून एक हिरवी पावडर मागवली, १,४९९ रुपयांची. चाळीस घटक, पण कुठला किती ते डब्यावर नाही. सगळ्यांचं मिळून एकच वजन. बी१२ स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून मिळतं असं मोठ्या अक्षरांत. डबा बघून डॉक्टर हसल्या. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी१२ चं तोतया रूप, माणसाच्या शरीराला ते वापरता येत नाही. चव तळ्यातल्या शेवाळासारखी. डबा मात्र उत्तम आहे, झाकण घट्ट बसतं. सध्या त्यात मेतकूट आहे.

आता कामाच्या गोष्टी.

व्हिटॅमिन डी: ६०,००० युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. एक पुडी तीसेक रुपयांना. हे व्हिटॅमिन तेलातुपात विरघळणारं, म्हणून रिकाम्या पोटी न घेता रविवारी दुपारच्या जेवणानंतर दुधातून घ्यायचे. रविवारच लक्षात राहतो. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द पुडीवर मार्करने लिहून ठेवा. आमच्या ह्यांनी "सगळ्यांनाच कमी असतं" म्हणून माझ्यातल्या दोन पुड्या लागोपाठ दोन दिवस घेतल्या होत्या. दोनाने काही झालं नाही, पण हे जास्तीचं लघवीतून निघून जात नाही, साठतं, आणि फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. आता त्यांची स्वतःची तपासणी झाली आणि स्वतःची पुडी आहे.

कोवळ्या उन्हाबद्दल माझा भ्रमनिरास झाला. मी रोज सकाळी सातला गॅलरीत बसून चहा पीत होते आणि डी मिळतंय असं समजत होते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण जवळपास नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे दुपारच्या आसपासचं. आता डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या गच्चीवर पंधरा मिनिटं, बाह्या वर करून. भर उन्हाळ्यात हे जमेल असं वाटत नाही.

बी१२: १,५०० मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिनची गोळी, रोज. रोजची गरज दोनेक मायक्रोग्रॅमची, मग दीड हजार कशाला, हा माझा हिशेबनीस प्रश्न होता. उत्तर आवडलं: आतडं एका वेळी जेमतेम दोन मायक्रोग्रॅम रीतसर उचलतं, उरलेल्यातलं फार तर एक टक्का झिरपून आत जातं. म्हणून मोठी गोळी. सगळ्यांत ठळक फरक ह्या गोळीचा जाणवला. सहाव्या आठवड्यात मुंग्या कमी झाल्या, चौथ्या महिन्यात गेल्या. "भरपूर दही-ताक घेते की" म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, मीही घेत होते.

लोह: सगळ्यांत त्रासदायक. पोट बांधून येतं, शौचाला काळं होतं. पहिल्या पंधरवड्यात घाबरून बंद केलं. मग डॉक्टरांनी रोजऐवजी एक दिवसाआड दिलं. लोह घेतल्यावर शरीर पुढचा दिवसभर त्याचं दार थोडं लोटून घेतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेलं चांगलं शोषलं जातं. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा आधी-नंतर किमान एक तास बंद. हा एक तास मला गोळीपेक्षा जड गेला. जोडीला आईचे अळिवाचे लाडू आणि लोखंडी कढईतली चिंचेची आमटी. आमटी काळपट होते, पाहुणे आले की स्टीलच्या पातेल्यात करते. पाळीचा रक्तस्राव जास्त होता, त्यावर वेगळे उपचार झाले. ते केलं नसतं तर नुसतं लोह म्हणजे फुटक्या माठात पाणी.

नाचणी: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम, ह्यात वाद नाही. पण ते सगळं अंगी लागत नाही, धान्यातले फायटेट त्याला धरून ठेवतात. भिजवून मोड आणून, वाळवून दळली की ते कमी होतात. आपल्या आज्या नाचणीचं सत्त्व असंच करायच्या. मी महिन्याला दोन किलो करते, पावसाळ्यात वाळत नाही तेव्हा गिरणीवाल्याकडून विकत. एक इशारा: नाचणीची पातळ, गुळाची खीर साखर चढवतेच. भाकरी बरी, आणि सोबत उसळ हवीच. प्रोटीनसाठी पावडरचा डबा घेतला नाही. ६८ किलोला रोज साधारण ५६ ग्रॅम लागतं. मूठभर शेंगदाणे, दोन वाट्या उसळ, पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या मोजून मी तिथे पोचते. ज्यांना मोजायचा कंटाळा त्यांनी डबा घ्यावा, माझं काही म्हणणं नाही.

व्यायाम म्हणून पहिला महिना पुण्यातली तळजाई टेकडी चढले, गुडघे धरले. मग पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि उथळ. आठवड्यातून तीनदा, जाताना हळू, उतरताना त्याहून हळू. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहाचे तीन फेरे. पहिल्या दिवशी सातव्याला हात टेकला होता.

पण पाच तारे द्यायचे तर ते शतपावलीला. खर्च शून्य. एचबीएवनसी मार्चमध्ये ५.६ आला तेव्हा मी पेढे काढले, तर डॉक्टर म्हणाल्या, थांबा. लोह कमी असताना हा आकडा मुळातच थोडा चढा दिसू शकतो, तुमचं हिमोग्लोबिन आता १२.३ आहे, सगळं श्रेय घेऊ नका. म्हणून ग्लुकोमीटरने घरीच बघितलं. तोच वरणभात, तेवढाच मोजून, तासाभराने साखर: बसून राहिले त्या रात्री १६६, १७१, जेवून लगेच पंधरा मिनिटं सोसायटीत चालले त्या रात्री १३८, १४३. चार रात्रींचं मोजमाप म्हणजे काही संशोधन नव्हे, पण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलतात हे मला डोळ्यांनी दिसलं. नावात शंभर पावलं आहेत, मला अठराशे लागतात.

आणखी एक फसगत. केस गळतात म्हणून मध्येच बायोटिन ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. केसांना फरक शून्य, पण थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला. बायोटिन काही रक्ततपासण्यांत घोळ घालतं. दोन दिवस बंद ठेवून पुन्हा केली तर नॉर्मल. रक्त द्यायला जाल तेव्हा काय काय घेताय ते सांगा, विचारलं नाही तरी.

आजची स्थिती: डी ३४, बी१२ ४८०, वजन ६४.५. पुडी आता महिन्यातून एकदा, बी१२ चालूच, लोह बंद. हे सगळे डोस माझे रिपोर्ट बघून माझ्यासाठी लिहिलेले आहेत. लोहाची उरलेली पाकिटं शेजारच्या काकूंनी मागितली, त्यांना आधी लॅबचा पत्ता दिला.