कॉम्प्युटर गप्प झाला, आता डोळे कोणाचे घ्यायचे: एआय, कॉलवरचा माणूस की कॅप्चर कार्ड?

स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणाऱ्या कोणाही अंध माणसाला विचारा, हार्डवेअर बिघडलं की आपल्याला पहिल्यांदा एकच कळतं, आवाज गेला. मशीन बंद पडलंय, विंडोज अडकलंय का नुसत्या स्पीकरचं काहीतरी झालंय, तिन्हीची शांतता सारखीच. म्हणून मदत कोणाची घ्यायची ते नंतर, आधी दोन मिनिटं हे करा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. छोटा बीप आला तर विंडोज पण जिवंत आणि साउंड पण, फक्त बोलणारा प्रोग्रॅम पडलाय, मग कंट्रोल विंडोज एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, चालू करा. बीप नाही आला तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावून त्यात हेडफोन घाला, साध्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि त्यातून बोलायला लागलं तर दोष आतल्या साउंडचा किंवा जॅकचा. माझं कार्ड चार्जरच्या पाऊचमधेच असतं, इतक्या वेळा उपयोगी पडलंय.

याने काही झालं नाही तर मग स्क्रीनवर काय आलंय ते वाचायला कोणीतरी लागणार. आणि बायॉसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगच्या स्क्रीनमधे, तर स्क्रीन रीडर चालतच नाही, तो विंडोज सुरू झाल्यावर येतो.

पहिला पर्याय फोनवरचं एआय, म्हणजे फोटो बघून त्यात काय आहे ते सांगणारं ॲप, सीइंग एआय किंवा बी माय आईजमधलं बी माय एआय. रात्री दोन वाजता पण चालतं आणि कोणाला उठवावं लागत नाही. विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या स्क्रीनवरचा स्टॉप कोड, "बूट डिव्हाइस सापडत नाही" टाइपचा मेसेज, मदरबोर्डच्या खोक्यावरचा मॉडेल नंबर, हे सगळं यावर सोडा. फोन कीबोर्डच्या मधोमध धरून हातभर मागे घ्यायचा आणि खोलीतला लाइट मागे असेल तर बंद करायचा, स्क्रीनवर चमक आली की अक्षरं गेलीच. पण बायॉसमधे कुठली ओळ सिलेक्ट आहे हे नुसत्या रंगावरून कळतं आणि तिथे एआय चुकतं, आणि चुकताना पण अगदी खात्रीने बोलतं. बूट ऑर्डर, म्हणजे मशीनने आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम, बदलताना मला त्याने भलतीच ओळ सांगितली होती आणि मी एंटर मारून मोकळी झाले, मग ते निस्तरण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून एक बाण दाबायचा, परत फोटो काढायचा, ओळ खरंच सरकली का ते विचारायचं, असं करते. वेळ लागतो पण करायचंच.

बायॉसमधे काही बदलायचं असेल तर मी सरळ माणूस घेते. बी माय आईज २०१५ मधे सुरू झालं तेच मुळी डोळस स्वयंसेवकांच्या व्हिडिओ कॉलवर, आणि हलती स्क्रीन बघून "एक खाली, अजून एक, थांबा, आता एंटर" असं सांगणारा माणूस आजही एआयपेक्षा भरवशाचा वाटतो मला. फक्त समोरचा टेक्निशियन नसतो हे लक्षात ठेवा, तो वाचणार, ठरवणार तुम्ही. काय शोधायचंय ते आधी माहीत करून घ्या नाहीतर दोघंही गोंधळता. पासवर्ड, मेल, बँकेचं काही स्क्रीनवर असेल तर अनोळखी माणसाला दाखवू नका, त्यासाठी ओळखीतलं कोणीतरी बघा.

तिसरा पर्याय कॅप्चर कार्ड, म्हणजे एका मशीनचं स्क्रीनवरचं चित्र दुसऱ्या मशीनमधे नेणारं उपकरण, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. बिघडलेल्या मशीनचं एचडीएमआय कार्डात, कार्डाचं यूएसबी दुसऱ्या चालू लॅपटॉपमधे, तिथल्या कॅमेरा ॲपमधे चित्र येतं आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर त्याची एनव्हीडीए की अधिक आर दाबलं की ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय, वाचून दाखवतो, आपोआप रिफ्रेश होण्याचं सेटिंग पण आहे. फोटो वाकडा येत नाही, चमक नाही, त्यामुळे अक्षरं फोनपेक्षा कितीतरी नीट वाचली जातात. रंगाची अडचण मात्र इथे पण तीच. दुसरा कॉम्प्युटर लागतो, आणि काही लॅपटॉप बायॉस बाहेरच्या पोर्टवर दाखवतच नाहीत तिथे याचा उपयोग शून्य. एकच लॅपटॉप असेल आणि वर्षातून एखादा प्रॉब्लेम येत असेल तर घेऊ नका, एआय आणि कॉल पुरेसे आहेत. स्वतः मशीन जोडत असाल, दुसऱ्यांची दुरुस्त करत असाल तर पहिल्यांदा हेच घ्या.

आणि डोळे न लागणारी बरीच कामं आहेत ती उगाच दुसऱ्यावर टाकू नका. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर चार पिनचा छोटा स्पीकर बसतो, नवीन बोर्डासोबत बऱ्याचदा येत नाही पण वेगळा मिळतो, मग मशीन स्वतःच बीप देऊन सांगतं की रॅम का ग्राफिक्स, कोड मात्र कंपनीप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघा. लॅपटॉपचा दिवा लुकलुकत असेल तर सीइंग एआयमधलं प्रकाश ओळखणारं फीचर त्याच्याजवळ धरा, आवाजाच्या चढउतारावरून मोजता येतं. विंडोजची मेमरी टेस्ट मुक्यानेच चालते, चालू दे, विंडोज परत सुरू झाल्यावर निकाल इव्हेंट व्ह्यूअरमधे, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, वाचता येतो. रॅम काढून परत बसवणं तर हाताचंच काम, वायर काढून, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरून मग हात घाला, पट्टीची खाच मधोमध नसते त्यामुळे उलटी बसतच नाही आणि नीट बसली की कट् आवाज येतो. पॉवर बटणाची वायर मदरबोर्डवर ज्या बारीक पिनांना लागते त्या मात्र मी डोळस माणसाकडूनच लावून घेते.

यातलं काहीही करायच्या आधी एक काम मशीन चांगलं चालू असतानाच उरकून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की फोनमधे सेव्ह करा, कारण बायॉसमधे काही बदललं की ती मागितली जाऊ शकते, आणि की त्याच बंद मशीनमधे असेल तर वाचायला कितीही डोळे असले तरी तुम्ही तिथेच अडकता.