एनक्लेक्सचं जाडजूड पुस्तक: सात महिने वापरल्यानंतर

लोकलने विद्याविहार सोडलं आणि एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवायच्या परीक्षेच्या, पुस्तकाची बावीस पानं एकगठ्ठा निघून माझ्या मांडीवर आली. डोक्यावरचा पंखा जोरात होता, चार पानं समोरच्या सीटखाली गेली. लेडीज डब्यातल्या बायकांनी पाय उचलून, पिशव्या सरकवून दोन शोधून दिली. उरलेली दोन कुर्ल्याला उतरणाऱ्या गर्दीत गेली ती गेलीच. फ्लुइड-इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या आणि क्षारांच्या, प्रकरणातली पानं होती ती. ज्यांनी हे पुस्तक उघडलं आहे त्यांना कळेल, हजार पानांतली कुठलीही दोन गेली असती तर चाललं असतं, ही नको होती.

मी परळला आयसीयूत स्टाफ नर्स आहे, भांडुपहून येते-जाते. आधी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, नोकरीला नऊ वर्षं झाली. अभ्यासाचा खरा वेळ म्हणजे जाताना दहा स्टेशनं आणि येताना दहा स्टेशनं, तेही चौथी सीट मिळाली तर. त्यामुळे हे पुस्तक सात महिने रोज पिशवीत होतं, डब्याशेजारी. नाव लिहीत नाही, कारण विक्रेत्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तयारी करणाऱ्या बहुतेकींकडे अशाच जातीचं एखादं पुस्तक असतं, सोबत ॲपचा कोडही असतो.

किंमत साडेचार हजार. परीक्षेची नोंदणी फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर, म्हणजे इथे मुंबईत, बसायचं तर आणखी १५० डॉलर. दोन्ही मिळून तीस हजारांच्या घरात जातं, इंग्रजीची परीक्षा आणि कागदपत्रांची तपासणी वेगळीच. इतके पैसे जाणार म्हटल्यावर मी पुस्तक नवं घेतलं, फूटपाथवरचं घेतलं नाही. पाचव्या महिन्यात त्याचा कणा सुटला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की परत करायची मुदत सात दिवसांची होती आणि ही वापरामुळे झालेली झीज आहे. अभ्यासाचं पुस्तक वापरल्यामुळे सुटलं, हे उत्तर मला मान्य नाही. हजार पानं नुसत्या गोंदावर उभी केली तर ती सुटणारच, तिथे शिलाई हवी होती. चार मेल झाले. शेवटी पुढच्या खरेदीवर तीनशे रुपयांची सूट देऊ म्हणाले. मी घेतली नाही.

त्याच तीनशे रुपयांत भांडुप स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने पुस्तकाचे पाच भाग करून प्रत्येकाला स्पायरल मारून दिलं. आणि इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. सात महिन्यांत या पुस्तकावर केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच. आता पिशवीत एकच भाग असतो. उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात दुमडून वाचता येतो. सुटायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात हे करून घ्या.

हरवलेल्या दोन पानांसाठी वॉर्डातल्या चेचीकडून (केरळच्या सिस्टरला आम्ही चेची म्हणतो) तिचं पुस्तक एका रात्रीपुरतं आणलं. फोटो काढून ठेवता आले असते, पण फोटो मी परत उघडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून शंभरपानी वहीत हाताने उतरवून काढलं. उतरवताना मॅग्नेशियमपाशी हात थांबला. प्रकरणात रक्तातलं नॉर्मल १.३ ते २.१ दिलं आहे. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या तपासण्यांचा एक तक्ता आहे, त्यात १.६ ते २.६. एकाच पुस्तकात, एकाच क्षाराचे दोन आकडे.

मी भयंकर चिडले. पुस्तक चुकीचं आहे असं दोन ज्युनिअर मुलींना सांगूनही टाकलं. प्रकाशकाला मेल लिहिला. दोन आठवडे मी शेवटचा तक्ता उघडलाच नाही, कारण एक आकडा चुकला तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

मग एका नाइटला आमच्याच लॅबचा रिपोर्ट हातात आला. त्यावर मॅग्नेशियम मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होतं. प्रकरणातला आकडा मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये आहे; या एककात क्षाराचं वजन नाही, विद्युतभार मोजतात. मॅग्नेशियमचा अणुभार २४.३, त्यावर दोन भार, म्हणून एक मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे सुमारे १२.१५ मिलिग्रॅम; लिटरचं डेसिलिटर करताना दहाने भागलं की १.२१५. गुणाकार केला: १.३ चे १.६ होतात आणि २.१ चे २.६. दोन्ही आकडे बरोबर होते. तक्त्यात एकक छापलेलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या दोघी मुलींना बोलावून सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. पण पुस्तकावरचा राग तेवढ्याने गेला नाही, उलट तो आता नेमका झाला. चुकीच्या आकड्यापेक्षा एककाशिवाय छापलेला आकडा मला जास्त भीतीदायक वाटतो. चुकीचा आकडा कुणीतरी पकडतं. एकक नसलेला आकडा बरोबर दिसतो आणि निसटून जातो.

प्री-एक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटके येण्याचा धोका असलेली, पेशंट डोळ्यांपुढे आणा. मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे आणि फोनवर लॅबवाला सांगतो, "आठ." मिलिग्रॅममध्ये आठ असेल तर ती उपचारासाठी लागणाऱ्या पातळीतच आहे, कारण ती पातळी मिलीइक्विव्हॅलंटमध्ये ४ ते ७ असते, म्हणजे मिलिग्रॅममध्ये साधारण साडेआठपर्यंत. तोच आठ मिलीइक्विव्हॅलंटमध्ये असेल तर पातळी वर गेली आहे, गुडघ्याचा रिफ्लेक्स मंदावलेला किंवा गेलेला असू शकतो, आणि त्यानंतर पाळी श्वासाची. म्हणून तर शिकवतात: रिफ्लेक्स बघा, श्वास मिनिटाला बाराच्या खाली जायला नको, लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली जायला नको, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेशी तयार ठेवा. आकडा काहीही येवो, हात पेशंटच्या गुडघ्याशी गेला पाहिजे. ट्रेनिंगमध्ये लेबर रूमच्या सिस्टरने हे माझ्याकडून रोज करून घेतलं, म्हणून अंगात भिनलं आहे.

पोटॅशियममध्ये ही भानगड कळूनच येत नाही. तिथे एकच भार, म्हणून मिलीमोल (कणांच्या संख्येचं एकक) आणि मिलीइक्विव्हॅलंट सारखेच, ३.५ ते ५.० दोन्हीकडे तेच. त्यामुळे एककाकडे न बघायची सवय लागते, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमला ती सवय अंगाशी येते.

यातली जास्त टोचणारी गोष्ट पुढे आहे. याच पुस्तकात औषधसुरक्षेचं फार चांगलं प्रकरण आहे. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ‘ही संक्षिप्त रूपं वापरू नका’ अशी यादी केली, ती तिथे कारणांसकट दिली आहे. इन्सुलिनपुढे युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहू नका, तो शून्य किंवा चार वाटतो. पूर्णांकापुढे टिंब-शून्य देऊ नका, १.० चे १० वाचले जातात. टिंबाआधी शून्य लिहा, नाहीतर अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच होतात. मॅग्नेशियम सल्फेटचं रासायनिक संक्षिप्त रूप लिहू नका, ते मॉर्फिन सल्फेटसारखं दिसतं. हे सगळं शिकवणाऱ्या पुस्तकाने स्वतःच्या शेवटच्या तक्त्यात एकवीस ओळी एककाशिवाय छापाव्यात? हे मी सोडून देऊ शकत नाही. ज्या सिस्टर म्हणतात की एवढं काय त्यात, परीक्षेत सीमेवरचे आकडे सहसा विचारत नाहीत, त्यांचं परीक्षेपुरतं बरोबर आहे. प्रश्नात पोटॅशियम २.८ तरी असतं नाहीतर ६.४ तरी, ओळखता येतं. पण आपण नुसत्या परीक्षेसाठी वाचत नाही.

आता या पुस्तकाचं जे मला मनापासून आवडलं ते. सुरुवातीचे दोन महिने मी प्रकरणं पाठ करत होते आणि प्रश्न मागे ठेवत होते. ते उलटं करायला हवं होतं. याचा जीव प्रश्नांखालच्या स्पष्टीकरणांत आहे, त्यातही चुकीचे तीन पर्याय का चुकीचे हे जिथे सांगितलंय तिथे. एक उदाहरण देते. पेशंट डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइडवर (लघवी वाढवणारं), पोटॅशियम ३.१, मळमळ, दिव्याभोवती पिवळी-हिरवी वलयं दिसतात. नर्सने आधी काय करावं? मी ‘डॉक्टरांना कळवा’ निवडलं. चूक. डोस थांबवा, छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, मग कळवा. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, हे मला येत होतं. पण उत्तर निवडताना हात सवयीने डॉक्टरांकडे गेला.

आयसीयूत मी हे रोज करते. आधी पेशंट बघते, मग फोन करते. तरी कागदावर मला ते माझं काम वाटत नव्हतं. आपल्याकडे शिकतानाच ‘इन्फॉर्म डॉक्टर’ हे इतक्यांदा लिहून घेतात की मधला आपला निर्णय उत्तरात उमटतच नाही. या एका खोडीमुळे माझे पहिल्या महिन्यात किती प्रश्न गेले ते वहीत मांडून बघितलं, तेव्हा चुकांतला जवळजवळ निम्मा वाटा तिचाच निघाला. काम वाटून देण्याच्या प्रश्नांचंही तसंच. तिथल्या सहायकाला स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप), भरवणं, चालवणं, इनटेक-आउटपुट (किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) देता येतं. पण तपासून अंदाज घेणं, शिकवणं, परिणाम झाला का ते ठरवणं हे नर्सनेच करायचं. आपल्या वॉर्डात मावशी आणि नातेवाईक काय काय करतात ते डोक्यातून बाजूला ठेवून हे प्रश्न सोडवावे लागतात.

औषधांच्या नावांसाठी वेगळं पान करा. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सॅल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन एपिनेफ्रिन, पेथिडिन मेपेरिडिन. नऊ वर्षं दिलेलं औषध नाव बदलून आल्यामुळे चुकणं फार जिवाला लागतं. पाउंड आणि औंसही पक्के करा: एक किलो म्हणजे २.२ पाउंड, एक औंस ३० मिलिलिटर, आणि बर्फाचे तुकडे इनटेकमध्ये निम्मे धरायचे. संसर्गाचं प्रकरण मला भरभर गेलं. मुंबईत काम केलेल्या नर्सला टीबीसाठी एन-९५ आणि वेगळी खोली कुणी शिकवावी लागत नाही. फक्त सी. डिफिसिल या जुलाबाच्या जंतूला सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच लागतं, एवढी खूण करून ठेवा.

ॲपबद्दल थोडक्यात. प्रश्न चांगले, फोनवर मांडणी वाईट. केस स्टडीतले रिपोर्टचे तक्ते उजवीकडे कापले जातात, आणि कापला जातो तो नेमका एककाचा रकाना. ती मी घरी भावाच्या लॅपटॉपवर सोडवते.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी एक बघा. परीक्षेचं स्वरूप १ एप्रिल २०२३ पासून बदललं. आता कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, सहा-सहा प्रश्नांच्या तीन केस स्टडी, आणि अनेक पर्यायांच्या प्रश्नांना अर्धवट गुणही मिळतात. त्याआधीच्या आवृत्तीत केस स्टडी नसण्याचीही शक्यता आहे. शरीर तेच आहे, पोटॅशियम तेच आहे, त्यामुळे विषय शिकायला जुनं चालेल. सरावाला चालणार नाही. मी पैसे मोजून खर्च करणारी आहे, तरी इथे काटकसर करू नका असंच सांगेन.

माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. विक्रेत्याला पाचवा मेल गेला आहे. प्रकाशकाकडून ‘पुढच्या आवृत्तीत विचार करू’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. चेचीचं पुस्तक परत देताना तिला विचारून त्या एकवीस ओळींसमोर निळ्या पेनाने एककं लिहून दिली. तुमच्याकडचं पुस्तक कुठलंही असो, शेवटचा तक्ता काढा, लॅबचा एखादा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि मॅग्नेशियमपासून सुरुवात करा.