म्युच्युअल की कंटेस्टेड? वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जाण्याआधी

लग्न मोडायच्या बेताला आलं की वकील पहिला प्रश्न विचारतो, "समोरचा तयार आहे का?" तयार असेल तर म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीचा घटस्फोट. नसेल तर कंटेस्टेड, म्हणजे एकाने दावा लावून लढायचा. खरी मेख त्या 'तयार' शब्दाच्या पुढे असते. तो घटस्फोटाला तयार आहे, की तुम्ही पोटगी आणि घरातला वाटा सोडून द्यावा या अटीवर तयार आहे? माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. दोघांच्या पैशांचा हिशेब एकमेकांसमोर उघडा असेल तर संमतीच्या घटस्फोटाला तोड नाही. तो लपवला जात असेल, तर घाईघाईने दिलेली संमती वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा महाग पडते.

मुंबईचं कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंतची प्रकरणं इथे येतात. मीरा रोड, ऐरोली, डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्यांचं कोर्ट वेगळं. पण अर्ज फक्त सध्याच्या पत्त्यावरूनच ठरत नाही. लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते, तिथेही दाखल करता येतो. बायकोला ती सध्या राहते तिथेही. म्हणजे भांडुपचा संसार मोडून ती साताऱ्याला माहेरी गेली असेल, तर तो वांद्र्यात आणि ती साताऱ्यात अर्ज करू शकते. मग प्रकरण एकत्र कुठे चालवायचं यासाठी उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागते, आणि तिथे बहुतेक वेळा बायकोच्या सोयीला झुकतं माप मिळतं. हे हिंदू विवाह कायद्यापुरतं झालं. पारशी जोडप्यांचं तर कोर्टच वेगळं, त्यांचे खटले मुंबई उच्च न्यायालयात चालतात.

म्युच्युअलची पहिली अट म्हणजे अर्जाआधी किमान 1 वर्ष वेगळं राहणं. इथे मुंबईकर हमखास अडखळतात. भाड्याची दुसरी खोली परवडत नाही म्हणून एकाच वन रूम किचनमध्ये राहणारी, पण नवरा-बायको म्हणून न राहणारी जोडपी कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय की वेगळं राहणं म्हणजे वेगळं छप्पर नव्हे, पती-पत्नी म्हणून न राहणं. तेव्हा 'आम्ही एकाच घरात आहोत, आमचं होणार नाही' असं धरून चालू नका.

अर्जानंतर 6 महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन 'हो' म्हणायचं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे 6 महिने माफ करायची वाट मोकळी केली. दीड वर्षाचा दुरावा आधीच झालेला असावा, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी-मुलांचं सगळं ठरलेलं असावं, ही त्यामागची अपेक्षा. तरी माफी आपोआप मिळत नाही. 2025 मध्ये एका क्रिकेटपटूच्या प्रकरणात वांद्र्याच्या कोर्टाने ती नाकारली होती, कारण ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच दिली गेली होती. उच्च न्यायालयाने करारनामा वाचला, तर दुसरा हप्ता निकालानंतरच द्यायचा असं त्यात लिहिलेलं! मग माफी मिळाली. कोट्यवधींचं प्रकरण असलं तरी त्यातला धडा पाच लाखांच्या पोटगीलाही लागू आहे. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींमध्ये, कुठली रक्कम कधी द्यायची, हे तारखेच्या भाषेत लिहा.

हप्ते पाडण्याचं आणखी एक कारण आहे. अंतिम 'हो' होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सगळी रक्कम आधीच देऊन बसलेला नवरा किंवा सगळे दावे आधीच मागे घेऊन बसलेली बायको, दोघंही मग अधांतरी. काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली अंतिम तारखेला कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने, असा मध्यममार्ग मला सगळ्यात सुरक्षित वाटतो. संमतीच्या हुकमावर अपील नाही, हेही लक्षात असू द्या. सही केली की विषय संपला. ही या मार्गाची ताकद आहे आणि धोकाही तोच.

कंटेस्टेडमध्ये आधी कारण लागतं: क्रौर्य, 2 वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. 'आमचं पटत नाही' हे कारण नाही. लग्न सावरण्यापलीकडे गेलंय एवढ्यावरच घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःपाशी असल्याचं स्पष्ट केलं. वांद्र्याच्या कोर्टाला तो नाही. मग क्रम लागतो: समन्स, लेखी जबाब, मुद्दे, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, युक्तिवाद. मधे न्यायाधीशांची बदली, वकिलांच्या गैरहजेरीचे अर्ज, सुट्ट्या. वर्षं जातात, आणि 'सहा महिन्यांत करून देतो' म्हणणाऱ्या वकिलापासून दोन हात लांबच राहिलेलं बरं.

तरीही कंटेस्टेडला एक मोठा फायदा आहे, आणि तो निकालात नाही, अंतरिम अर्जात आहे. अर्ज दाखल झाला की अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागता येते. कमाई नसेल तर नवऱ्यालाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. 'धंदा बसलाय' म्हणणाऱ्या माणसाचे बँक स्टेटमेंट आणि म्युच्युअल फंड पहिल्यांदा टेबलावर येतात ते इथेच. कित्येक तडजोडी यानंतर होतात. समोरचा हिशेब दाखवत नसेल, तर आधी कंटेस्टेड दाखल करून नंतर ते म्युच्युअलमध्ये बदलून घेणं हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. तसा बदल प्रकरण चालू असताना केव्हाही करता येतो.

घटस्फोटच नको पण मारहाण आणि उपासमार थांबायला हवी, असंही असतं. तेव्हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. संरक्षण, पोटगी आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क, तिन्ही एकाच अर्जात मागता येतात. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क आपोआप बुडत नाही.

आता घर. मुंबईत भांडण घटस्फोटावर कमी आणि सातशे चौरस फुटांवर जास्त चालतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर असेल, तर 'यापुढे हप्ते नवरा भरेल' असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहून बँक बांधली जात नाही. हप्ता चुकला की नोटीस बायकोलाही येणार. आधी बँकेकडून तिचं नाव कर्जातून काढून घ्या किंवा कर्ज फेडून टाका, मग सही. हिस्सा एकमेकांना द्यायचा असेल तर तो नोंदणीकृत दस्ताने, आणि शक्य तर निकालाआधी. पती-पत्नीच्या नात्यात राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत असते. निकालानंतर ते नातंच उरत नाही. सोसायटीच्या भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव बदलून घ्यायला मात्र सगळे विसरतात.

मुलांच्या बाबतीत दोन्ही मार्गांत कोर्ट मुलाचं हित बघतं. 5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. पण 'मुलाची पोटगी नको' असं आईने लिहून दिलं तरी तो हक्क मुलाचा आहे, तो पुढे मागता येतो. भेटी ठरवताना 'आपसात ठरवून' हे शब्द टाळा. कुठला रविवार, किती वाजता, गणपतीत कोणाकडे आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोणाकडे, सगळं लिहा. आज समंजस असलेली माणसं दुसरं लग्न झालं की बदलतात.

पोलिसांत छळाची तक्रार झालेली असेल तर म्युच्युअलमुळे ती आपोआप मिटत नाही. ती रद्द करायला दोघांना उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे संमती देण्याचं कलम कन्सेंट टर्म्समध्ये हवंच.

दोन्ही मार्गांत समुपदेशकाकडे बसावं लागतं. लोक ते उरकायची गोष्ट समजतात, पण समोरच्याला नेमकं काय हवंय हे बऱ्याचदा पहिल्यांदा कळतं ते तिथेच. वकील घ्यायचा तर या कोर्टात तो परवानगीने येतो, हक्काने नाही. साधं म्युच्युअल दोघांनी मिळून स्वतः चालवल्याचीही उदाहरणं आहेत. स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. खासगी वकील घेतलात तर फी तारखेवर आहे की पूर्ण प्रकरणावर, हे पहिल्या भेटीत विचारा. तारखेवर फी घेणाऱ्याला म्युच्युअलची घाई नसते.