मायकोरायझा पावडर की जुन्या आंब्याखालची माती?

मुंबईत आंबा, करंज, ताम्हण लावताना मुळांना मायकोरायझाची, म्हणजे साखरेच्या बदल्यात झाडाला फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरशीची, जोड दोन वाटांनी देता येते: विकतची पावडर किंवा सोसायटीतल्याच निरोगी, जुन्या झाडाखालची माती. (राष्ट्रीय उद्यानातून माती उचलू नये.)

पावडर घेताना पाकिटावर ‘आर्बस्क्युलर’ किंवा ‘व्हॅम’ (VAM) लिहिलेलं पाहा; मुळांच्या आत शिरणारी हीच बुरशी या झाडांना चालते. निलगिरी, पाइनच्या मुळांवरची पिसोलिथस बुरशी आंब्याशी नातं जोडतच नाही. पावडर मुळांना थेट लागली पाहिजे. वरून भुरभुरवली तर वाया. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पडून राहिलेलं पाकीटही बहुधा निकामीच.

जुन्या मातीत मात्र अनेक जाती एकत्र येतात आणि त्यांची चुरस झाडाच्या पथ्यावर पडते. जास्त फॉस्फरस देणाऱ्या बुरशीला मुळं जास्त साखर देतात, हे 2011 मध्ये जीवशास्त्रज्ञ टोबी कीर्स यांच्या गटाने प्रयोगाने दाखवलं. इथे रुजलेल्या बुरशीपुढे पावडरीतली एखादी परकी जात अनेकदा टिकत नाही. वरचा पालापाचोळा बाजूला सारून 10–15 सेंमी खोलीपर्यंतची, बारीक मुळं असलेली दोन-तीन ओंजळी माती घ्या आणि ती त्याच दिवशी वापरा. धोका एकच, पण मोठा: मूळकूज आणि सूत्रकृमीही (मुळांना इजा करणारे सूक्ष्म कृमी) सोबत येऊ शकतात. मरगळलेल्या झाडाखालची माती नकोच.

डेब्रिजच्या भरावात स्थानिक बुरशी जवळजवळ नसते, तिथे पावडरीला अर्थ आहे. एरवी आमची पसंती मातीला. डीएपी हे फॉस्फरसयुक्त रासायनिक खत दोन्हींत टाळा: आयता फॉस्फरस मिळाला की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबलं, तर मुळांसोबत बुरशीही गुदमरते.